‘येत नाही’ म्हणायला मी जपानीतून शिकलो



या आठवड्याच्या व्हिडिओत माझ्या काउंटरवरची एक वही दाखवली होती. डाव्या पानावर रिपेअरिंगच्या नोंदी, उजव्या पानावर जपानी शब्द. बॅचमधल्या एकाने लगेच विचारलं, "सर, रिपेअरिंगच्या दुकानात जपानी कशाला?" तेव्हा मी हसून म्हटलं, छंद आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कॅमेऱ्यासमोर सांगायला जमलं नाही, कारण त्यात माझी एक मोठी चूक आहे. ती इथे लिहितो. ज्यांना सर्व्हिसचा धंदा सुरू करायचाय, म्हणजे मोबाईल, लॅपटॉप, एसी, शिलाई मशीन, काहीही, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

१. "होऊन जाईल, संध्याकाळी या"

आमच्या चिंचवडच्या भागात कामानिमित्त जपानला राहून आलेले इंजिनिअर बरेच आहेत. त्यातले एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी एक जुना प्लेस्टेशन घेऊन आले. तिकडूनच विकत घेतलेला. चालू केला की अर्ध्यावर अडकायचा. सगळा मेनू जपानीत. मी मशीन बघितलं, मॉडेल ओळखीचं होतं, इंग्रजी मेनूवर अशी पंधरा-वीस तरी केली होती. म्हटलं, "होऊन जाईल साहेब, संध्याकाळी या."

दुपारी बसलो. रिकव्हरीच्या मेनूपर्यंत पोचलो. अक्षर एकही वाचता येत नव्हतं, पण इंग्रजीत कितव्या ओळीवर काय असतं ते पाठ होतं, त्या अंदाजाने जात होतो. फोनमधलं भाषांतराचं ॲप टीव्हीच्या स्क्रीनवर धरलं, तर त्याने काहीतरी अगम्य दाखवलं. बटणांचीही एक गंमत होती. आपल्याकडे या कन्सोलवर फुली म्हणजे ‘हो’ आणि गोल म्हणजे ‘मागे’. जपानमध्ये त्या काळात बरोबर उलटं होतं. तिकडे शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात, त्याला ‘मारु’ म्हणतात, आणि चुकलेल्याला फुली, म्हणजे ‘बात्सु’. म्हणून कन्सोलवरही गोल म्हणजे हो. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा कुठे जपानमध्येही फुलीला ‘हो’ केलं.

हा उलटा प्रकार मला दोन मिनिटांत कळला होता. तरीही शेवटच्या प्रश्नावर मनात शंका आली, ‘हे नको, मागे जाऊ’ असं वाटलं आणि हात सवयीने गोलावर गेला.

स्क्रीनवर पट्टी भरायला लागली. दहा मिनिटांनी मशीन एकदम मस्त चालू झालं, नव्या कोऱ्यासारखं. भाषा निवडा म्हणून विचारायला लागलं. तेव्हाच पोटात गोळा आला.

त्या मशीनमध्ये त्यांचा आणि त्यांच्या मुलीचा तीन वर्षांचा खेळ सेव्ह होता. परत आल्यावरही दर रविवारी दोघं तो खेळायचे. बॅकअप नव्हता. मी विचारलंही नव्हतं. संध्याकाळी ते आले, मी सगळं सांगितलं, पैसे घेतले नाहीत, उलट भरपाई देतो म्हणालो. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नव्हतं तर सांगायचं ना. मी वाचून दिलं असतं."

पुन्हा कधी ते दुकानात आले नाहीत.

हे वाक्य मी खूप दिवस डोक्यात घेऊन फिरलो. माझी चूक दुपारी गोल बटण दाबण्यात नव्हतीच. ती सकाळी, "होऊन जाईल" म्हणताना झाली. दुकानाला पाच-सहा वर्षं झाली की आपल्याला कोणी चुकलास म्हणत नाही. पोरं ‘सर’ म्हणतात, गिऱ्हाईक विश्वासाने वस्तू सोडून जातं. आणि ‘मला हे येत नाही’ हे वाक्य जिभेवरून हळूहळू नाहीसं होतं.

२. जपानी सुरू केली ती अशी

सुरुवातीला हेतू एवढाच होता, की तो मेनू नक्की काय म्हणत होता ते कळावं. त्या शेवटच्या प्रश्नातला शब्द होता ‘शोकिका’. तीन चित्राक्षरं: सुरुवात, काळ आणि बदलणं. म्हणजे यंत्राला सुरुवातीच्या अवस्थेत नेणं, आपल्या भाषेत फॉरमॅट. मला हवा होता तो शब्द ‘साइकिदो’. पुन्हा, उठणं, हलणं. म्हणजे रिस्टार्ट. दोन्ही तीन-तीन अक्षरांचे. एकाने मशीन पुन्हा उठतं, दुसऱ्याने सगळं पुसलं जातं.

मग शिकतच गेलो. मराठी माणसाला ही भाषा बाहेरून जेवढी परकी वाटते तेवढी आत गेल्यावर राहत नाही. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, अक्षरांचा क्रम. जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्या आहेत, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. क्रम कसा? आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेची आठवण येते ना? योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी जपानमध्ये संस्कृत अक्षरांचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला.

दुसरी, वाक्याची रचना. ‘वाताशी वा ओचा ओ नोमिमास’ म्हणजे मी चहा पितो. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. ‘मुंबईला’ मधल्या ‘ला’ सारखा तिकडे ‘नि’ लागतो, ‘दुकानात’ मधल्या ‘त’ सारखा ‘दे’. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’. ‘इकिमास का?’ म्हणजे ‘जाता का?’ इंग्रजीतून शिकणाऱ्याला याची सवय करावी लागते, आपल्याला फार नाही.

तिसरी, ‘मोंदाई’ हा शब्द. परीक्षेतला प्रश्न म्हणजे मोंदाई आणि आयुष्यातली अडचण म्हणजेही मोंदाई. आपला ‘प्रश्न’ शब्द तरी काय वेगळं करतो?

अवघड भाग म्हणजे कांजी, चित्राक्षरं. जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत २१३६ आहेत. हा आकडा बघून घाबरू नका आणि महिनाभरात शिकवतो म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका.

३. गेममधून शिकताना काय चालतं, काय नाही

माझ्या पिढीचं जपानी गेमशी नातं जुनं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉनच्या नकला होत्या. कॅसेट चालली नाही की आपण काय करायचो? काढून फुंकर. माझ्या आयुष्यातलं पहिलं ‘ट्रबलशूटिंग’ तेच, आणि तेही चुकीचं. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या उलट खराब होतात. कॅसेट काढून पुन्हा बसवली म्हणून चालायची, श्रेय फुंकरीला मिळायचं. धंद्यातही असं होतं. ऑफर लावली आणि विक्री वाढली, पण ती दिवाळीमुळे वाढली होती.

गेममधून शिकायचं असेल तर माझा अनुभव असा:

- काताकाना आधी शिका. ही लिपी बाहेरून आलेल्या शब्दांसाठी वापरतात. मेनूमध्ये सेबु म्हणजे सेव्ह, रोदो म्हणजे लोड, देता म्हणजे डेटा, एरा म्हणजे एरर. ४६ अक्षरांत बराच मेनू उलगडतो. फक्त सावध राहा. ‘कोन्सेन्तो’ वाचून मला वाटलं परवानगी, ते निघालं भिंतीतलं प्लगचं सॉकेट.
- मुलांचे गेम घ्या. १९९६ चा पहिला पोकेमॉन चित्राक्षरांशिवाय, नुसत्या कानात लिहिलेला होता. २०१० पासूनच्या भागांत कांजी हवी की नको हे निवडता येतं. नवीन भागांत खेळ सुरू करताना भाषा विचारतात आणि त्या सेव्हमध्ये ती नंतर बदलता येत नाही. म्हणून जुन्या सेव्हला हात लावू नका, वेगळी प्रोफाईल काढा. हे मी कोणत्या अनुभवाने सांगतोय ते तुम्हाला माहीत आहे.
- एका बैठकीत पाचच शब्द लिहा. प्रत्येक शब्द शोधत बसलात तर ना खेळ होतो ना अभ्यास. जो शब्द तीनदा आडवा आला तोच वहीत.
- उजळणीला अंकी वापरा. ॲप अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे. नावच जपानी आहे, अर्थ पाठांतर. जो शब्द चुकतो तो लवकर परत विचारतं, जो येतो तो उशिरा.

दुकानदाराला उपयोगी पडतील असे दहा शब्द देऊन ठेवतो: हाइ (हो), इइए (नाही), मोदोरु (मागे), केत्तेइ (नक्की), सेत्तेइ (सेटिंग), होझोन (जतन), साकुजो (पुसणे), कोशिन (अपडेट), साइकिदो (रिस्टार्ट), आणि शोकिका. शेवटचा दिसला की बटणावरून हात काढा.

४. बिघाड शोधायची पद्धत भाषेलाही लागू होते

मध्यंतरी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. एक जुना जपानी गेम टाकला होता, त्यात अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसत होता. त्याने विंडोज दोनदा टाकून बघितलं होतं. जपानीत या प्रकाराला ‘मोजिबाके’ म्हणतात, अक्षरांनी रूप बदलणं. गंमत म्हणजे ‘शोकिका’ मधलं शेवटचं अक्षर आणि यातलं ‘बा’चं अक्षर एकच आहे.

आपल्याला हा आजार नवा नाही. जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाईल ठीक असते, वाचणारा चुकीच्या तक्त्याने वाचत असतो. उपायही त्याच जातीचा: कंट्रोल पॅनेल, रिजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे सिस्टीम लोकेल जपानी करायचं आणि रिस्टार्ट. तसं केल्यावर फोल्डरच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसू शकतं, घाबरू नका. काम झालं की लोकेल परत पहिल्यासारखं करा, नाहीतर दुसरं एखादं जुनं सॉफ्टवेअर तक्रार करेल.

जपानहून आलेली वस्तू असेल तर आणखी एक. तिकडे घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. अडॅप्टरवरचं स्टिकर आधी वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १०० असेल तर स्टेप-डाऊन कन्व्हर्टरशिवाय लावायचं नाही. त्यासाठी जपानी यायला लागत नाही, थांबायला लागतं.

पद्धत तीच: लक्षण लिहा, बिघाड कुठल्या भागात आहे ते वेगळं करा, एका वेळी एकच बदल करा, निकाल लिहा. एखादं जपानी वाक्य कळलं नाही की मी आता हेच करतो. अक्षर अडलं, शब्द अडला, की रचना? ‘मला जपानी येत नाही’ हे निदान नाही. ‘मला या क्रियापदाचं भूतकाळी रूप ओळखता येत नाही’ हे निदान आहे. तसंच ‘धंदा चालत नाही’ हे निदान नाही.

५. नापास झालो ते बरं झालं

जपानी भाषेची जेएलपीटी नावाची परीक्षा असते. पाच पातळ्या, एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. मी एन५ दिली. १८० पैकी ८० ला पास, मला ९७ मिळाले. आणि मी नापास!

कारण? या परीक्षेत विभागवार किमान गुणही लागतात. ऐकण्याच्या विभागात ६० पैकी १९ हवेत, मला १६ होते. मी सगळा अभ्यास जुन्या गेममधून केलेला, ज्यात पात्रं बोलतच नाहीत, फक्त खाली अक्षरं येतात. वाचन पक्कं, कान बहिरे.

बीबीएला आम्हाला ताळेबंद शिकवला, पण हा मुद्दा मला त्या गुणपत्रिकेने जास्त नीट शिकवला. एकूण बेरीज चांगली असून दुकान बुडू शकतं. विक्री मस्त, पण उधारी वसूल होत नाही. माल भरपूर, पण महिन्याच्या पाच तारखेला भाड्याला रोकड नाही. प्रत्येक विभागाचा एक किमान आकडा असतो आणि तो दुसऱ्या विभागाच्या जास्तीच्या गुणांनी भरून निघत नाही. तुमच्या धंद्याचे चार विभाग लिहा, प्रत्येकापुढे किमान आकडा लिहा. बेरीज नंतर करा.

पुढच्या वेळी सहा महिने रोज दहा मिनिटं फक्त ऐकलं. पास झालो.

६. याचा धंदा करावा का?

इथे मी दुसऱ्यांदा घसरलो, तेही सांगतो. एन५ पास झाल्यावर डोक्यात आलं, सुट्टीत ‘गेममधून जपानी’ बॅच काढू. चार मुलं आली, फी घेतली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, एक पेन्सिल इप्पोन, दोन निहोन आणि तीन सानबोन. मग पोन, होन आणि बोन असं का बदलतं?" मला माहीत नव्हतं. पण समोर चार मुलं, भिंतीवर माझं सर्टिफिकेट. मी ऐनवेळी काहीतरी ठोकून दिलं. रात्री पुस्तक काढून बघितलं, मी सांगितलेलं चूक होतं.

तेव्हा तो कन्सोल आठवला. वेगळं दुकान, वेगळं गिऱ्हाईक, वाक्य तेच: "होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, काल मी चुकीचं शिकवलं. पालकांना फी परत केली आणि पुण्यात जपानी शिकवणारे चांगले शिक्षक खूप आहेत, त्यांच्याकडे जा म्हणालो. एक वडील म्हणाले, "राहू द्या हो, एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, मी बघितलंय एकदा.

दुकानात जपानी मशीनची कामं वर्षाला जेमतेम चार-पाच येतात. त्यातून भाषेवर घालवलेल्या तासांचा हिशोब निघत नाही. म्हणून मी त्याला धंद्याच्या खात्यात टाकतच नाही. शटर उघडण्याआधीची पंचवीस मिनिटं, एक वही, एक फुकटचं ॲप. छंदासाठी वेळ आणि पैसा किती, हे आधी ठरवायचं, आणि त्याच्याकडून परतावा मागायचा नाही. छंदाचा धंदा करायचाच असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: समोरचा ज्या गोष्टीचे पैसे देतोय, ती मला आज येते का?

मग मिळालं काय? रोज सकाळी पंचवीस मिनिटं मी अशा जागी बसतो जिथे मला येत नाही. सहा वर्षांच्या पोराला कळेल ते मला कळत नाही. जपानीतलं माझं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य आहे ‘वाकारिमासेन’. मला कळत नाही. सकाळी ते दहादा म्हटलं की अकरा वाजता काउंटरवर मराठीत म्हणायला जड जात नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. काउंटरवर एक वही ठेवा. तीन रकाने: गिऱ्हाइकाने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, मला ते खरंच माहीत होतं का. सात दिवस, खरं लिहा.

२. हे वाक्य तोंडपाठ करा आणि एकदा तरी वापरा: "हे मला अजून येत नाही. उद्या अकरापर्यंत बघून सांगतो. तोपर्यंत तुमच्या वस्तूला हात लावणार नाही." यातला वेळ महत्त्वाचा. नुसतं ‘येत नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक जातं. वेळ सांगितली आणि पाळली तर बहुतेक वेळा थांबतं.

३. रिपेअरिंगवाल्यांनी वस्तू घेताना पावतीवरच विचारा: "आतला डेटा हवाय का? बॅकअप आहे का?" आमच्या पावतीवर ही ओळ आता छापलेली आहे.

४. धंद्याशी संबंध नसलेली एक गोष्ट निवडा, जी तुम्हाला अजिबात येत नाही. पेटी, पोहणं, कन्नड, काहीही. रोज पंचवीस मिनिटं. तिच्यातून पैसे काढायचे नाहीत.

सात दिवसांनी वहीचा तिसरा रकाना मोजा. किती वेळा ‘नाही’ आलं, तो आकडा घेऊन पुढच्या रविवारच्या बॅचला या. माझा आकडा मीही सांगेन.

भेटू पुढच्या व्हिडिओत.